एटीव्हीच्या ब्रेकमधली हवा निघतच नाही. ऑइल फ्लश करू की मास्टर सिलिंडर बदलू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर लगेच कळेल. वापरलेली एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालणारी जाड टायरांची गाडी, घेतली आहे. पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की जवळजवळ मुठीला टेकतो. भराभर तीन-चारदा दाबला की थोडा घट्ट लागतो, पण सोडून जरा वेळाने दाबला की पुन्हा मऊ. ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतलं ऑइल गडद तपकिरी झालं होतं, ते काढून तुम्ही नवं भरलंत. मग व्हॅक्युम पंप लावून दोन्ही पुढच्या चाकांकडून हवा काढायला बसलात, पण अर्धी बाटली संपली तरी नळीत बुडबुडे येतच राहिले. मागचा, पायाचा ब्रेक चांगला लागतो. आता सगळं ऑइल फ्लश करावं, म्हणजे जुनं पूर्ण काढून नवं भरावं, की सरळ मास्टर सिलिंडर बदलावा, असं विचारता आहात.

मास्टर सिलिंडरला, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाला, तूर्त हात लावू नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं मिसळली आहेत, ती आधी सुटी करू. ऑइल बदलणं हे एक काम आणि हवा काढणं हे दुसरं. ऑइल कितीही जुनं असलं तरी आत हवा नसेल, तर लिव्हर घट्ट लागू शकतो. उलट, आजच सील फोडलेल्या बाटलीतलं ऑइल भरलं आणि कुठे छोटासा बुडबुडा अडकला, तर लिव्हर मऊच राहणार, कारण ऑइल दबत नाही आणि हवा दबते. तुमच्या बोटांची सगळी मेहनत त्या बुडबुड्याला दाबण्यात जाते, पॅडपर्यंत पोचतच नाही. म्हणजे लिव्हर मऊ आहे तो ऑइलच्या रंगामुळे नाही. ऑइल बदलायला हवंच, पण त्याचं कारण निराळं. आणि बुडबुडे थांबतच नसतील तेव्हा आणखी पंप मारून काही होत नाही. हवा येते कुठून आणि अडकते कुठे, हे शोधावं लागतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण एटीव्हीत सगळ्यांची मांडणी सारखी नसते. बहुतेक गाड्यांत पुढे दोन डिस्क, त्या पॅडने आवळणारे दोन कॅलिपर आणि हँडलवर एक मास्टर सिलिंडर असतो. मागे मात्र कुठे अखंड ॲक्सलवर एकच डिस्क असते, कुठे दोन्ही चाकांना वेगळ्या, तर कुठे बंद ड्रम आणि तारेवर चालणारा ब्रेक, ज्यात हवा काढण्याचा प्रश्नच नाही. काही गाड्यांत हँडलवरचा एकच लिव्हर चारही चाकं धरतो आणि पायाचा ब्रेक जादा म्हणून असतो. तुमचा पुढचा मऊ आणि मागचा चांगला आहे, त्यावरून दोन सर्किट स्वतंत्र दिसतात. तरी गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करून घ्या, कारण कोणतं निपल, म्हणजे हवा काढण्यासाठीचा कॅलिपरवरचा पोकळ स्क्रू, आधी उघडायचं याचा क्रम त्यावरच ठरतो. सर्वसाधारण नियम असा, की मास्टर सिलिंडरपासून ज्या कॅलिपरची नळी सर्वांत लांब, तिथून सुरुवात करायची.

पाना हातात घेण्याआधी मी एक गोष्ट नेहमी करतो: जे हवेसारखं वाटतं पण हवा नसते, ते आधी वगळतो. यात बराच वेळ वाचतो. पुढची चाकं जमिनीवरून उचला आणि चाक वरून-खालून धरून हलवून पाहा. बेअरिंग सैल असेल तर चालताना डिस्क डुगडुगते आणि पॅड मागे ढकलते. मग पुढच्या वेळी लिव्हरची अर्धी चाल पिस्टन परत जागेवर आणण्यातच खर्च होते. वाकलेल्या डिस्कचंही तेच, आणि दगड-ओंडक्यांवरून जाणाऱ्या गाडीत डिस्क वाकणं नवल नाही. त्यानंतर कॅलिपरच्या स्लाइड पिना पाहा. चिखल आणि गंजाने त्या अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, तिरका दाब पडतो, लिव्हर रबरासारखा लागतो आणि पॅड एका बाजूने जास्त झिजतात. चिखलात चालणाऱ्या गाड्यांत हे मला हवेइतकंच वारंवार दिसतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं की काही गाड्यांचा ब्रेक निपल न उघडताच सुधारतो. शेवटी कुणाला तरी लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि रबरी होजवर बोटं ठेवा. होज फुगल्याचं जाणवलं किंवा बाहेरून चिरा दिसल्या, तर तो बदलायचा.

हे सगळं ठीक निघालं की मगच हवेच्या मागे लागायचं.

तुमचे न थांबणारे बुडबुडे बहुधा ब्रेकच्या आतले नाहीतच. व्हॅक्युम पंपाची ही जुनी खोड आहे. निपल सैल केलं की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सरळ तुमच्या नळीत जाते. बारीक, एकसारखे आणि सतत येणारे बुडबुडे दिसले तर ते आट्यांतून येताहेत असं समजा. आत अडकलेली हवा सहसा अशी येत नाही. ती मध्येच एखाद्या मोठ्या बुडबुड्याच्या रूपात येते, मग नुसतं ऑइल, मग परत एखादा. खात्री करायची असेल तर निपलच्या मुळाशी बाहेरून सिलिकॉन ग्रीसचा जाड थर द्या. बुडबुडे कमी झाले तर उत्तर मिळालं. काहीजण आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. चालतं, पण टेप निपलच्या टोकावरच्या शंकूला किंवा भोकाला लागता कामा नये. तिचा तुकडा आत गेला तर नवं दुखणं. मी स्वतः पंप फक्त कोरडं सर्किट पहिल्यांदा भरायला वापरतो. शेवटची हवा काढायला लिव्हर आणि मदतीला एक माणूस, हीच पद्धत मला खात्रीची वाटते, कारण त्यात आतून बाहेर दाब असतो, त्यामुळे आट्यांतून हवा शिरायला वाव नसतो.

आता मुख्य मुद्दा. हवा वर जाते, आणि एटीव्हीत तुम्ही तिला निपलमधून बाहेर काढायला बघता, जे पूर्ण सर्किटमध्ये जवळजवळ सर्वांत खाली आहे. म्हणजे बुडबुड्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध खाली ढकलत न्यायचं असतं. ऑइल हळू वाहिलं तर ते बुडबुड्याच्या बाजूने निघून जातं आणि बुडबुडा जागच्या जागी राहतो. म्हणून मास्टर सिलिंडरपासून निपलपर्यंतचा मार्ग डोळ्यांनी तपासा आणि नळी जिथे जिथे वर चढून परत खाली वळते, ती प्रत्येक जागा लक्षात ठेवा. हवा तिथेच बसलेली असणार.

पहिली जागा खुद्द मास्टर सिलिंडर. होज जिथे बँजो बोल्टने, म्हणजे ऑइल आतून जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टने, लागतो, तिथे हवा हटकून अडकते, आणि खालच्या निपलमधून तुम्ही कितीही ऑइल काढलं तरी ती हलत नाही. हँडल वळवून किंवा गाडीची एक बाजू उचलून मास्टर सिलिंडर असा ठेवा, की होजकडचं टोक किंचित खाली आणि टाकीखालची बारीक छिद्रं वर राहतील. झाकण उघडं ठेवून लिव्हर अगदी थोडा, पहिल्या काही मिलिमीटरपुरताच, हळूहळू दाबा-सोडा. टाकीच्या तळातून बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. मधून मधून होजवर बोटाने टिचक्या मारत राहा. ते थांबले की बँजो बोल्टभोवती भरपूर फडकं गुंडाळा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट अगदी थोडा सैल करा, हवा फुसकन निघाली की घट्ट करा आणि मगच लिव्हर सोडा. दोन-तीनदा करा. बऱ्याच गाड्यांचा ब्रेक एवढ्यानेच जागेवर येतो. बोल्ट पूर्ण काढावा लागला तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर नवे घाला. जुने दबून गेलेले असतात आणि तिथून झिरप सुरू होते.

दुसरी जागा पुढच्या चाकांजवळ. तिथे होज सस्पेन्शनच्या आर्मवरून वर चढून मग कॅलिपरकडे उतरतो. चाक लोंबकळत असताना हा बाक आणखी उंच होऊ शकतो. हवा तिथून हलत नसेल, तर कॅलिपर बोल्ट काढून सोडवा आणि होज ताणू न देता त्या बाकापेक्षा वर धरा, निपल अगदी वरच्या बाजूला ठेवून. दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी तुकडा जरूर घाला, नाहीतर लिव्हर दाबताच पिस्टन बाहेर येईल.

तिसरी शक्यता तुमच्या बाबतीत विशेष तपासण्यासारखी आहे, कारण गाडी वापरलेली आहे. दोन्ही कॅलिपरचं निपल वरच्या टोकाला आहे का, ते पाहा. आधीच्या कुणी काम करताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला असेल, तर निपल खाली जातं. कॅलिपर बसतो व्यवस्थित, ब्रेकही थोडाफार लागतो, पण वरच्या भागातली हवा कधीच बाहेर पडत नाही.

आता ऑइलबद्दल. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या ब्रेक ऑइलच्या प्रती आहेत; तिन्ही ग्लायकॉलवर आधारलेली आहेत आणि तिन्ही ओल शोषून घेतात. टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून, अगदी हळूहळू. नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. डॉट ३साठी हेच आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१साठी २६० आणि १८०. लांब उतारावर ओझं घेऊन सतत ब्रेक धरत उतरलात की कॅलिपर तापतो, पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. घरून निघताना घट्ट असलेला लिव्हर नेमका उताराच्या मध्यावर मुठीला टेकतो. थंड झाल्यावर सगळं पूर्ववत, त्यामुळे लोक ते विसरून जातात. म्हणून मी ऑइलला इतकं महत्त्व देतो. शिवाय त्या पाण्याने आतून गंज धरतो तो वेगळाच. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. गाडी वरचेवर पाण्या-चिखलातून जात असेल तर वर्षाने. रंगावरून अंदाज बांधू नका, कारण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. पण तुमचं ऑइल गडद तपकिरी होतं, त्यात विचार करण्यासारखं काही उरत नाही.

कोणतं घालायचं ते टाकीच्या झाकणावर कोरलेलं असतं. डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ घाला, डॉट ५.१ही चालतं. मात्र नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, बहुधा जांभळट रंगाचं, ते यांपैकी कशातही मिसळायचं नाही. इंजिन ऑइल, पेट्रोल, डिझेल यांचा थेंबही आत जाऊ देऊ नका. आतली रबरी सीलं फुगून निकामी होतात. पूर्वी कधीतरी उघडून ठेवलेली बाटली वापरू नका, तिने तितके दिवस ओल ओढलेली असते.

फ्लश करताना माझा क्रम असा. आधी गाडी धुऊन पूर्ण वाळवतो. टाकीच्या झाकणाभोवतीचा चिखल ब्रशने काढतो, कारण झाकण उघडताच तो पहिला आत पडतो. झाकणाचे स्क्रू बहुतेक वेळा जाम असतात. नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर ठेवून मागून हलका ठोका द्या, मगच फिरवा. ऑइल रंग खातं, म्हणून टाकीखाली आणि मडगार्डवर ओलं फडकं अंथरा आणि जवळ पाण्याची बाटली ठेवा. सांडलं तर पुसण्यापेक्षा भरपूर पाण्याने धुणं चांगलं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

निपल उघडायला घाई नको. ते पोकळ असतं, गंजलेलं असलं तर सहज मुरगळून तुटतं, आणि मग दहा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस लागतो. गंज सोडवणारं तेल मुळाशी टाकून थांबा. पॅड आणि डिस्कवर ते उडू नये म्हणून पॅड काढून ठेवलेले बरे. सहा बाजूंचा रिंग पानाच वापरा. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेला जोर द्या आणि ते हललं की सैल करा.

आता एक पायरी सांगतो, जी पुष्कळजण गाळतात. कॅलिपरमध्ये ऑइल आत येण्याची वाट आणि निपल एकमेकांजवळ असतात, दोन्ही वरच्या बाजूला. त्यामुळे नवं ऑइल वरच्यावर आत येऊन वरच्यावर बाहेर पडतं आणि पिस्टनमागचं सर्वांत तापणारं, सर्वांत घाण ऑइल तसंच राहतं. म्हणून मी आधी निपलला पारदर्शक नळी लावतो, निपल उघडतो आणि पिस्टन हळूहळू पूर्ण मागे ढकलतो. ते जुनं ऑइल गाळासकट नळीतून बाहेर येतं. निपल बंद ठेवून ढकलू नका, नाहीतर तोच गाळ उलट मास्टर सिलिंडरकडे जाईल. ढकलण्याआधी पिस्टनचा बाहेर दिसणारा भाग साफ करा, म्हणजे चिखल सीलखाली ओढला जाणार नाही.

मग टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून तळ बिनधाग्याच्या कापडाने पुसतो, नवं भरतो, आणि लांबच्या कॅलिपरपासून सुरुवात करतो. पॅड, डिस्क आणि कॅलिपर जागेवर बसवलेले असायला हवेत. नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. मदतनीस लिव्हर दाबून धरतो, मी पाव फेरा उघडतो, ऑइल वाहतं, मी बंद करतो, मग तो लिव्हर सोडतो. हा क्रम मोडला, म्हणजे निपल उघडं असताना लिव्हर सुटला, तर हवा परत आत. चार-पाच दाबांनंतर टाकी पाहायची. एटीव्हीची टाकी लहान असते आणि एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. नळीत स्वच्छ ऑइल यायला लागल्यावरही थोडं जास्त काढतो, मग दुसरा कॅलिपर.

यात एक खबरदारी. जुन्या मास्टर सिलिंडरचा लिव्हर मुठीपर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातो त्याच्या पुढे गंज आणि गाळ साचलेला असतो, आणि सील त्यावरून घासलं तर फाटतं. लिव्हर आणि मूठ यांच्यामध्ये लाकडाचा छोटा तुकडा बांधून ठेवा. हवा काढल्यानंतरच मास्टर सिलिंडर बिघडला असं काहीजणांच्या अनुभवाला येतं, त्यामागे बरेचदा हेच असतं.

खालून सिरिंजने ऑइल वर ढकलण्याची पद्धतही आहे आणि तिच्यात हवा आपल्या स्वाभाविक दिशेने जाते, म्हणून हट्टी बुडबुड्यांना ती चांगली. पण आधी फ्लश करून सगळं स्वच्छ झाल्यावरच ती वापरा आणि टाकी अर्धी रिकामी ठेवा. शेवटी उरलेल्या बारीक बुडबुड्यांसाठी मधला लाकडी तुकडा तसाच ठेवून लिव्हर मुठीला पट्ट्याने बांधून रात्रभर ठेवायचा. सकाळी सोडला की वर गोळा झालेली हवा टाकीत निघून जाते. लिव्हर आधीच जवळपास घट्ट असेल तर याचा फरक पडतो. मोठी हवा मात्र याने निघत नाही.

आता मास्टर सिलिंडर. तो दोषी आहे का हे विकत घेण्याआधी तपासता येतं. लिव्हर दाबून एकसारखा जोर देऊन धरा. तो सावकाश खाली जात राहिला आणि बाहेर कुठेही ओल दिसत नसेल, तर आतलं सील दाब धरत नाही. आणखी पक्की परीक्षा हवी असेल तर होज काढून त्या जागी त्याच आट्यांचा, भोक नसलेला बोल्ट नव्या वॉशरसह लावा आणि तिथली हवा वर सांगितल्याप्रमाणे काढा. लिव्हर आता हलताच कामा नये. घट्ट लागला तर मास्टर सिलिंडर चांगला आहे आणि दोष त्याच्या खाली कुठेतरी आहे. होज पकडीने आवळून ही परीक्षा करू नका, आतला थर फाटतो. टाकीच्या तळाशी दोन छिद्रं असतात, त्यांतलं बारीक छिद्रही पाहून घ्या: लिव्हर जरासा दाबल्यावर तिथून ऑइलची छोटी उसळी दिसली पाहिजे. ते गाळाने बुजलं असेल तर हवा वर येत नाही आणि गाडी चालवताना ब्रेक आपोआप धरायला लागतो.

झाकण लावताना त्याच्या आतला रबरी पडदा घडी नीट बसवून ठेवा आणि ऑइल वरच्या खुणेच्या वर नको; तापल्यावर त्याला फुगायला जागा लागते. निपल बेताने आवळा, त्याला फार जोर लागत नाही, आणि रबरी टोप्या परत लावा, नाहीतर पुढच्या खेपेला भोकात चिखल भरलेला सापडेल. पॅड जागेवर येईपर्यंत लिव्हर दाबत राहा. पहिली चाचणी सपाट मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने. परत आल्यावर सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून ओल आहे का पाहा.

मागचा ब्रेक चांगला लागत असला तरी तो ऑइलवर चालणारा असेल, तर तिथलं ऑइलही बहुधा तितकंच जुनं आहे, तेव्हा त्याच दिवशी तेही बदलून टाका. मागच्या कॅलिपरवर पार्किंग ब्रेकची तार असेल तर हवा काढण्याआधी ती सैल करा.

हे सगळं करूनही लिव्हर मऊ राहिला तर तीन गोष्टी कळवा: दाबून धरल्यावर तो खाली जात राहतो की एका जागी थांबतो, भराभर दाबल्यावर घट्ट होतो का, आणि दोन्ही कॅलिपरची निपल नेमकी कुठे आहेत. त्यावरून पुढचं सांगता येईल.